दुर्बिणीला लटकलेली वायर

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. एक्स्पोजर होतं ५१ मिनिटांचं. पुढची शंभरेक वर्षं असे फोटो काढणारा माणूस तासन्‌तास आयपीसला डोळा लावून बसे. तारा आयपीसमधल्या फुलीवरून जरा ढळला की हाताने दुरुस्ती.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या एसबीआयजी कंपनीने एसटी-४ हा ऑटोगायडर आणला. ताऱ्यावर नजर आता छोटी सीसीडी चिप ठेवू लागली आणि दुरुस्तीचा हुकूम वायरीतून जाऊ लागला. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटवरच्या टेलिफोनसारख्या सॉकेटला आजही ‘एसटी-४ पोर्ट’च म्हणतात.

त्या काळातले कॅमेरे सिरियल किंवा पॅरलल पोर्टवर चालत. फोटो संगणकात उतरायला वेळ लागे, पण त्या रुंद प्लगला दोन बाजूंना दोन स्क्रू असत. ते पिळून बसवले की दुर्बीण कुठेही वळली तरी प्लग जागचा हलत नसे.

१९९६ मध्ये यूएसबी आली. ती घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले, इंटेलमधले अजय भट होते. कीबोर्ड, प्रिंटर कोणालाही झटकन लावता-काढता यावा, हा तिचा हेतू. टेबलावर हे वरदानच. दुर्बिणीवर मात्र हीच गोष्ट नडते. मध्यरात्री तारा मध्यमंडल ओलांडतो, माउंट पलटी घेतं, लोंबणारी केबल ट्रायपॉडच्या पायात अडकते आणि प्लग जेमतेम दोन मिलिमीटर सरकतो. तेवढ्याने कॅमेरा संगणकाला दिसेनासा होतो आणि उरलेली रात्र वाया जाते.

बाकीच्या मर्यादाही टेबलाच्याच मापाच्या. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत. त्यापुढे उत्तर वेळेत पोहोचत नाही. एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर कॅमेरा, गायडर आणि फोकसर तिघांनी तेवढ्यावरच भागवायचं. २००८ च्या यूएसबी ३.० ने वेग वाढवला, पण तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला त्रास देतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये दाखवून दिलं.

कारखान्यांतल्या कॅमेऱ्यांसाठी २०१३ मध्ये आलेल्या ‘यूएसबी३ व्हिजन’ मानकाने प्लगला पुन्हा स्क्रू दिले. हौशी खगोलछायाचित्रकाराच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर ते अजून नाहीत. म्हणून १२ व्होल्टवर चालणारा हब घ्यावा, तो दुर्बिणीवरच बसवावा, केबल आखूड ठेवाव्यात आणि प्लगजवळ पट्टीने बांधाव्यात. अमावास्येला गावाबाहेर निघण्याआधी घरीच, दिवसाउजेडी, माउंट चारी दिशांना फिरवत शे-दोनशे फ्रेम उतरवून पाहाव्यात. एकही गळली, तर ती केबल पिशवीत भरू नये.