त्रिपुरीचा ताप

जबलपूर शहराच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे एक लहानसे गाव आहे. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. १९३९ च्या मार्चमध्ये या परिसरात, नर्मदेच्या सान्निध्यात, काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले. अधिवेशन बावन्नावे, म्हणून मिरवणुकीत ५२ हत्ती होते. पण त्या मिरवणुकीत निवडून आलेले अध्यक्ष नव्हते. त्यांची केवळ तसबीर होती. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत जबलपूरला उतरले होते आणि त्यांना अधिवेशनस्थळी रुग्णवाहिकेतून न्यावे लागले होते.

त्रिपुरीचा इतिहास बहुधा दोन विचारसरणींचा संघर्ष म्हणून सांगितला जातो, आणि ते चूक नव्हे. इंग्रज सरकारला ठराविक मुदत देऊन निर्वाणीचा खलिता पाठवावा, असे सुभाषबाबूंचे मत होते. गांधीजींना ती वेळ आली आहे असे वाटत नव्हते. परंतु मतभेद तर त्या पिढीत नित्याचेच होते. मतभेद असूनही माणसे एकत्र का राहतात आणि एखाद्या वेळी का राहू शकत नाहीत, हे समजून घ्यावयाचे तर ठरावांच्या पलीकडे जाऊन मनांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे व त्या जाणिवेने विचाराला दिशा देणे, या शक्तीला १९९० साली सॅलोव्हे आणि मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असे नाव दिले. नाव नवे असले, तरी तिची कसोटी मात्र जुनी आहे. त्रिपुरीला ती कसोटी फार मोठ्या माणसांना द्यावी लागली.

२९ जानेवारी १९३९ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सुभाषबाबूंना १५८० आणि डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. त्यापूर्वी, संघराज्याच्या योजनेवर काँग्रेसमधील काही नेते सरकारशी तडजोड करतील अशी लोकांत समजूत आहे, असे सुभाषबाबूंनी जाहीरपणे म्हटले होते. त्यांच्या दृष्टीने तो राजकीय इशारा होता. सहकाऱ्यांना तो आपल्या निष्ठेवरचा आघात वाटला. पुढे गांधीजींनी हा पराभव पट्टाभींपेक्षा आपलाच अधिक आहे, असे निवेदन केले. सुभाषबाबूंना त्याचे दुःख झाले. इतरांचा विश्वास मिळवून देशातील सर्वश्रेष्ठ पुरुषाचा विश्वास मात्र मिळू नये, ही आपली शोकांतिका ठरेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. येथे राग दोन्हीकडे नव्हताच असे नाही. पण रागाच्या तळाशी दुखावलेपण होते, आणि ते कोणी उघड बोलत नव्हते. दुखावलेले मन पुष्कळदा तत्त्वाची भाषा बोलू लागते, आणि मग त्याच्यावर औषध करणे कठीण होते.

फेब्रुवारीत वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक ठरली होती. आजारामुळे सुभाषबाबूंना जाता येईना. त्यांनी तार करून बैठक अधिवेशनापर्यंत पुढे ढकलावी असे सुचविले. एका आजारी माणसाची ही विनंती होती. वाचणाऱ्यांना मात्र त्यात अविश्वास दिसला. अध्यक्षांच्या गैरहजेरीत आपण नित्याचे कामसुद्धा करू नये, अशी त्यांची इच्छा आहे, असा तिचा अर्थ लावला गेला. आपल्या मनात तसे काही नव्हते, हे सुभाषबाबूंनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितले. परंतु २२ फेब्रुवारीस १२ सदस्यांचे राजीनामे आले होते. तारेत शब्द मोजून घालावे लागतात. त्यांत आवाज नसतो, चेहरा नसतो, आणि जे नसते ते वाचणारा आपल्या मनातील शंकेने भरून काढतो.

मग त्रिपुरी आली. गांधीजी राजकोटला होते. ३ मार्चला त्यांनी तेथे उपोषण आरंभिले होते व ७ मार्चला ते सोडले होते. येथे सुभाषबाबूंचा ताप उतरत नव्हता. जबलपूरच्या रुग्णालयात चला, असा आग्रह झाला. अधिवेशन संपल्यावाचून हलणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. त्यांचे अध्यक्षीय भाषण बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले. आणि इतके डोळ्यांसमोर असूनही, हा आजार खोटा आहे, अशी कुजबुज मंडपात चालू होती.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ३३ संचारी भाव सांगितले आहेत. त्यांत शंका आहे, असूया आहे, अमर्ष आहे, विषाद आहे. आणि या मनोभावांच्या पंक्तीतच त्यांनी व्याधीलाही बसविले आहे. शरीराची पीडा आणि मनाची पीडा यांच्यामध्ये भिंत नाही, हे त्या प्राचीन आचार्यांना ठाऊक होते. हे संचारी भाव येतात आणि जातात. जाणता प्रेक्षक त्यांनाच नाटकाचा गाभा समजत नाही. त्रिपुरीच्या मंडपात नेमके तेच झाले. येणाऱ्याजाणाऱ्या शंकेला लोकांनी कायमचे सत्य मानले.

मराठी माणसाला या प्रसंगाची आणखी एक बाजू आठवल्यावाचून राहणार नाही. १९३८ च्या जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे यांना मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधानपद (मुख्यमंत्र्यांना त्या काळी असेच म्हणत) सोडावे लागले आणि पंडित रविशंकर शुक्ल त्या जागी आले. डॉ. खऱ्यांना दोषी ठरविणाऱ्या कार्यकारिणीचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते. त्या निर्णयाची बाजू कोणीही कशीही मांडो. नागपूरकडील अनेकांच्या मनाला तो फार लागला. शिस्तीचा निर्णय ज्याच्यावर होतो त्याला तो कसा लागतो, याचा अनुभव वर्षाच्या आतच स्वतः अध्यक्षांना आला.

अधिवेशनात पंडित गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव मंजूर झाला. अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर दोघांमध्ये दीर्घ पत्रव्यवहार झाला. सुभाषबाबू सहकार्य मागत होते. गांधीजी, मते इतकी भिन्न असताना तुम्ही आपल्याच विचारांचे मंडळ नेमा, असे सांगत होते. व्यक्तिगत स्नेहाला बाधा येण्याचे कारण नाही, असेही ते लिहीत होते. आणि खरोखर, दोघांच्या पत्रांत आपुलकी उणी नाही. उणा होता तो भरवसा. आपुलकी आणि भरवसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत; पहिली असली म्हणजे दुसरा आपोआप येतो, असे आपण समजतो, आणि घरात काय, संस्थेत काय, तेथेच फसतो. जवाहरलालांना सुभाषबाबूंनी २८ मार्चला २७ पानांचे तक्रारीचे पत्र लिहिले. नेहरूंनी आपल्या स्वभावातील उणिवा मोकळेपणाने मान्य केल्या. पण एव्हाना उशीर झाला होता. २९ एप्रिलला कलकत्त्यास सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

त्याच एप्रिलमध्ये त्यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात आपल्या आजाराविषयी एक लेख लिहिला. त्रिपुरीच्या वातावरणाने आपल्या मनात किळस उत्पन्न झाली, सारे सोडून हिमालयात जावे असे वाटले, हे त्यांनी लपविले नाही. परंतु त्याच आजारात देशभरातून अनोळखी माणसांची पत्रे, औषधे, फुले, ताईत येत होते. सर्व धर्मांचे लोक प्रार्थना करीत होते. ज्या हिंदुस्थानासाठी झिजावयाचे तो हा, असे त्यांना उमजले आणि मनाचा कडवटपणा ओसरला. आपल्या भावनेचे नाव अचूक सांगता येणे हीच तिच्यातून बाहेर पडण्याची पहिली पायरी असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण राजकीय लेखनात क्वचितच सापडेल.

पुढे १९४२ च्या मार्चमध्ये सुभाषबाबूंच्या निधनाची खोटी वार्ता आली, तेव्हा गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तार केली. आणि ६ जुलै १९४४ रोजी रंगूनच्या नभोवाणीवरून सुभाषबाबूंनी गांधीजींना उद्देशून भाषण केले, त्यांना राष्ट्रपिता म्हटले आणि त्यांचा आशीर्वाद मागितला. मार्ग बदलले नव्हते, मतेही बदलली नव्हती. ताप तेवढा उतरला होता.

दुसऱ्याचे मन ओळखणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे नव्हे. त्रिपुरीला मतभेद अटळ असतील. पण राजीनाम्यापूर्वी कोणी रोग्याच्या उशाशी बसून ‘त्या तारेचा अर्थ काय?’ एवढे विचारले असते, तर निदान तो मतभेद स्वच्छ राहिला असता. नर्मदेकाठच्या त्या तीन दिवसांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण हा एक प्रश्न वेळेवर विचारण्याची सवय आपण घेतली, तरी ते थोडे नव्हे.