मनगटावरची नाडी

मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. भाषेत मात्र या दोहोंचं नातं फार जुनं आहे.

संस्कृत 'नाडी' म्हणजे पोकळ देठ, नळी. नळ, नळी, नाळ हा सगळा तिचाच गोतावळा. शरीरातल्या नळीला नाडी म्हटलं गेलं आणि कालगणनेतल्या एका मापालाही. 60 नाड्यांचं एक अहोरात्र, म्हणजे एक नाडी 24 मिनिटांची. हा वेळ पाण्याच्या भांड्यानं मोजत, म्हणून तिचं दुसरं नाव घटिका. आपल्या घटकेचं आणि घड्याळाचं मूळ तिथेच आहे.

वैद्य मात्र नाडी मोजत नव्हते, तिची चाल पारखत होते. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी सांगितली आहे. मोजणीसाठी इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी मिनिटभर चालणारं खास घड्याळ करवून घेतलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1707 सालचं.

आजचं घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकतं. रक्त तो शोषतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परतणारा उजेडही कमी-जास्त होतो. म्हणजे त्याला कळते ती मनगटातली रक्ताची लाट. हृदय लयीत नसेल, तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा नाडी आणि हृदयाचे ठोके यांचा आकडा जुळत नाही. आपण त्या आकड्याला 'हार्ट रेट' म्हणतो, पण काटेकोर शब्द नाडी हाच.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अ‍ॅपलच्या घड्याळांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 4,19,297 माणसं त्यात होती. त्यांतल्या 2,161 जणांना घड्याळानं इशारा दिला, तो अनियमित नाडीचा. हृदयाचं निदान त्यानंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून झालं. मला हा फरक मोलाचा वाटतो. नाडी खूण सांगते, निदान पुढे डॉक्टर करतात. रुग्णाला हे शब्दातूनच कळलं, तर घबराट कमी होईल आणि गाफीलपणाही.

तेव्हा आरोग्याची अ‍ॅपं मराठीत आणणाऱ्यांना एक विनंती: त्या आकड्यापुढे 'हृदयगती' नको, 'नाडी' लिहा. आजीलाही तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही.