मढ्याचा सांगावा

गावगाड्याचा इतिहास सांगणारे शेताचं, साऱ्याचं, बलुत्याचं सांगतात. मरणाचं कुणी सांगत नाही. मी तेच सांगणार आहे. माणूस मरताना त्याच्याजवळ कोण बसतं, यावरून त्या समाजाची जात कळते.

मर्तिकाची कामं वतनदार महाराच्या माथी होती. गावात कुणी गेलं की सांगावा घेऊन परगावी त्यानं पळायचं, रात्र असो की पाऊस. सरणाची लाकडंही त्यानंच वाहायची. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. वर त्याला ‘हक्क’ म्हणायचं! साऱ्या गावाचं दुःख ज्यानं पायी वाहिलं, त्याच्या दारी गाव कधी बसायला आलं नाही.

मरणाआधीची तऱ्हा आणखी वाईट. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आलं. बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त दिलंय. बायको बाळंतीण, श्वास लागलेला. डॉक्टर म्हणाला, वस्तीत पाय ठेवणार नाही. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तवा डॉक्टर आला, तोही वस्तीबाहेर. बाळंतिणीला तान्ह्या पोरासकट तिथं न्यावं लागलं. थर्मामीटर डॉक्टरनं मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोला लावलं. न्यूमोनिया आहे म्हणाला, औषध पाठवलं. पुन्हा बघायला आला नाही. बाई गेली. मी विचारतो, तिला आजारानं मारलं की विटाळानं?

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. ते पास झालं नाही. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. त्याआधीच, १९५६ च्या धम्मदीक्षेत आपल्या माणसांनी श्राद्ध आणि पिंडदान सोडलं होतं. त्याच वर्षी ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या देहासमोर हजारोंनी दीक्षा घेतली. रडता रडता माणसं उभी राहिली.

पण कित्येक गावांत अजून स्मशान जातवार आहे. आपल्या मढ्यावर भर पावसात साधा पत्रा नसतो. त्यासाठी तहसीलवर मोर्चा न्यायचाच. पण कार्यकर्त्यानं पुण्यानुमोदनाला भाषण ठोकून उठून जाऊ नये. माणूस खाटेवर पडलेला असतानाच त्याला दवाखान्यात न्यावं, वॉर्डात रात्र काढावी, मागं राहिलेल्या बाईचे पेन्शनचे कागद करून द्यावेत. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुमच्या बापानं कुणाकुणाचे सांगावे वाहिले? वहीत उतरवून घ्या, ते आहेत तोवर.