काढलं की नुसतं लपवलं? विंडोज ९८ आणि ब्राउझर उपटणारी मंडळी

ऐकता ऐकता एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि कंपनीने आधीच भरून दिलेलं, तुम्ही कधीच न वापरलेलं एखादं ॲप उघडा. बऱ्याचदा तिथे 'अनइन्स्टॉल' नसतं, 'डिसेबल' असतं. या दोन शब्दांमधल्या फरकावरून अमेरिकेत एक अख्खा खटला लढला गेला होता. आजचा भाग त्यावर.

साल १९९७. नेटस्केप हा तेव्हाचा गाजलेला ब्राउझर. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मात्र विंडोजसोबतच यायचा, आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विंडोज हवं तर तो घ्यावाच लागायचा. डिसेंबरमध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी सांगितलं, ही सक्ती थांबवा. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांपुढे पर्याय ठेवले ते असे: एक तर दोन वर्षं जुनं विंडोज घ्या, नाहीतर ब्राउझरच्या फाइली काढलेलं विंडोज घ्या, जे धड सुरूच होणार नाही. कोर्टात मग प्रत्यक्ष करून बघितलं. विंडोज ९५ च्या 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मधून ब्राउझर काढायला दीड मिनिटही लागलं नाही आणि विंडोज व्यवस्थित चालू राहिलं! मायक्रोसॉफ्ट म्हणाली, तुम्ही आयकॉन काढलात, बहुतेक फाइली तिथेच आहेत.

इथे एक इंजिनिअर म्हणून सांगतो, हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वेबपेज दाखवणारा कोड एका सामायिक डीएलएल फाइलमध्ये असतो आणि बाकीचे प्रोग्रॅमही तोच वापरतात. फाइल उडवली की तेही कोसळतात. पण हे असंच बांधायचं, हे ठरवलं कोणी? घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडून बांधायची आणि मग म्हणायचं, बघा, वेगळी करताच येत नाही!

वरच्या कोर्टाने जॅक्सन यांचा तो आदेश जून १९९८ मध्ये रद्द केला. त्याच महिन्यात विंडोज ९८ बाजारात आलं. आता साधं फोल्डर उघडलं तरी आत ब्राउझरचंच इंजिन चालत होतं, आणि 'ॲड/रिमूव्ह'च्या यादीतून इंटरनेट एक्सप्लोरर गायब होता. सरकारने मे महिन्यातच नवा, मोठा खटला भरला होता. त्यात साक्षीदार म्हणून आले प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन. दोन माजी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो चालवला की विंडोज ९८ मध्ये ब्राउझर उघडण्याचे रस्ते बंद व्हायचे. सामायिक फाइली त्यांनी मुद्दाम ठेवल्या होत्या, कारण बाकीच्या विंडोजला त्या लागतात.

आता खरा मसाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जिम ऑलचिन एक व्हिडिओ घेऊन कोर्टात आले. फेल्टनचा प्रोग्रॅम चालवला की विंडोज किती रखडतं, ते त्यात दाखवलं होतं. सरकारी वकील डेव्हिड बॉइस यांनी व्हिडिओ थांबवला आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवरचे शब्द दाखवले. त्या शब्दांवरून कळत होतं, की त्या क्षणी दिसणाऱ्या मशीनवर फेल्टनचा प्रोग्रॅम चाललेलाच नाही. प्रात्यक्षिक पुन्हा शूट करावं लागलं. डेमो देण्याआधी स्क्रीन नीट बघा म्हणतात ते उगाच नाही.

कोर्टाबाहेर शेन ब्रुक्स नावाचा एक ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञ याच कामात गुंतला होता. त्याच्या टूलचं नाव ९८लाइट. फेल्टनने दरवाजे बंद केले होते, ब्रुक्सने थेट आतलं सामान बदललं. विंडोज ९५ चा डेस्कटॉप ब्राउझरवर अवलंबून नव्हता. मग त्याच्या मोजक्या फाइली उचलून ९८ मध्ये बसवायच्या! त्यासाठी तुमच्याकडे ९५ ची सीडी हवी. बदल्यात काही मदत-पानं आणि वेबवर चालणाऱ्या सोयी जायच्या, पण जुनं मशीन हलकं व्हायचं. मला ही युक्ती फेल्टनच्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त आवडते. जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते लोक घरी बसून करत होते.

२००१ मध्ये अपील कोर्टाने मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला. पण ब्राउझरचा कोड विंडोजमध्ये मिसळणं आणि तो 'ॲड/रिमूव्ह'मधून वगळणं बेकायदा होतं, हे मान्य केलं. त्यानंतर विंडोज एक्सपीमध्ये सोय आली, ती मात्र ब्राउझरचा चेहरा लपवण्याची. कोड आत तसाच.

मग लोकांनी पुढचं पाऊल टाकलं. क्रोएशियाच्या दिनो नुहागिचने एनलाइट बनवलं. हे टूल बसवलेल्या विंडोजला हात लावत नाही, इन्स्टॉलच्या सीडीतूनच नको ते भाग गाळतं आणि नवी सीडी बनवून देतं. गंमत म्हणजे, एनलाइट चालवायला मायक्रोसॉफ्टचंच जाडजूड डॉटनेट फ्रेमवर्क लागायचं!

आणि आपले फोन? यूएसबी केबल लावून एडीबीने ॲप 'काढणारी' कमांड तुमच्यापैकी काहींनी वापरली असेल. तिच्यात 'यूजर शून्य' असं लिहावं लागतं. म्हणजे ॲप फक्त त्या यूजरसाठी काढलं जातं, सिस्टिम पार्टिशनमधली मूळ प्रत जागेवरच राहते. फॅक्टरी रीसेट केलं की स्वारी पुन्हा हजर.

भारतातही हा वाद कायद्यापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडवरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि इतरही आदेश दिले. त्यातला एक असा, की आधीच भरलेली गूगलची ॲप्स काढायला वापरकर्त्याला अडवू नका. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले. अनइन्स्टॉलचा आदेश त्या चारांमध्ये होता.