जुन्या मोटारीची वाढलेली ‘रेस’

अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरून शनिशिंगणापूरकडे वळताना घोडेगावला गाडी थांबवली, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी इंजिन घोंघावतच राहिले, तर आयडलिंग वाढले आहे असे समजावे. प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये ही तक्रार नवी नाही. अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू फिरवून मोकळे होणे सोपे; पण त्याने मूळ दोष झाकला जातो.

इंजिन तापल्यावर चोक पूर्ण परत जातो का, ॲक्सिलरेटरची केबल अडकत तर नाही ना, हे आधी पाहावे. मग रबरी व्हॅक्यूम नळ्या. उष्णतेने त्यांना चिरा पडतात, बाहेरची हवा आत शिरते आणि सुस्काऱ्यासारखा आवाज येतो. ब्रेक बूस्टरची नळी दाबून धरताच फेरे उतरले, तर गळती तेथेच आहे. तेव्हा ब्रेकही जड लागतो. ही दुरुस्ती उद्यावर टाकू नये. गळती शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीवर साचलेली काजळी व आयडल व्हॉल्व्ह तपासावा. कार्बोरेटरचा स्क्रू मात्र दोष दूर झाल्यावरच, गरम इंजिनावर, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार बसवावा.