हृद्‌रोगविषयक लोकजागृती, नागपूर विभागातील

हृद्‌रोगाची कारणे, लक्षणे व प्रतिबंध यांची माहिती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवून त्यांना वेळीच तपासणी व उपचार यांकडे वळविण्याचे कार्य. उच्च रक्तदाब हे हृद्‌रोगाचे एक प्रमुख कारण असले, तरी त्याची बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत. या कार्यातील मुख्य अडचण हीच होय.

वर्धा व पुढे सेवाग्राम येथे वास्तव्य असलेल्या महात्मा गांधींना हा विकार होता. १९४० मध्ये त्यांचा रक्तदाब २२०/११० पर्यंत वाढल्याची नोंद आढळते. त्या काळी विश्रांती व आहारनियमन यांवरच मुख्यतः भिस्त असे. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे या भारतीय वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सु. ५,२०० रहिवाशांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तीतून रक्तदाब, धूम्रपान व रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा हृद्‌रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला व उपचाराबरोबरच प्रतिबंधाला महत्त्व आले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ चा जागतिक आरोग्य दिन हृदयाला व १९७८ चा उच्च रक्तदाबाला वाहिला. जागतिक हृदय दिन २००० पासून पाळला जातो. २०११ पासून त्याची तारीख २९ सप्टेंबर ही आहे.

नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) व सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) स्थापन झाल्याने विभागात आधुनिक उपचारांची सोय वाढली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात नागपूरलगतच्या वर्धा व भंडारा या जिल्ह्यांचा समावेश होता. रक्तदाब मोजणे, ठरावीक व सुलभ औषधयोजना, घराजवळच्या आरोग्यकेंद्रात औषधपुरवठा आणि रुग्णांचा पाठपुरावा ही त्याची प्रमुख अंगे होत.

सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. तंबाखूचा संबंध केवळ मुखाच्या कर्करोगाशी जोडला जातो. परंतु तीतील निकोटिनामुळे नाडीची गती व रक्तदाबही वाढतात. छातीतील दाब व घाम यांना पित्त समजून घरगुती उपाय करीत राहिल्याने झटक्यानंतरचा मोलाचा वेळ वाया जातो. बरे वाटू लागताच रक्तदाबाची औषधे सोडून देण्याची प्रवृत्तीही घातक ठरते. लक्षणे नसतानाही तपासणी व औषधे चालू ठेवण्याची सवय लोकांत रुजणे, हीच या कार्याच्या यशाची खरी कसोटी होय.