विहिरीकाठची खूण : बेने इस्राएल आणि विवाहाचा ईश्वरी संकेत

लालबागेतील होळकरांचा राजवाडा पाहताना इंदूरकर मराठी माणसाला या घराण्याची एक जुनी आख्यायिका हटकून आठवते. मल्हारराव होळकर चौंडी गावी मुक्कामास असता देवळात आलेली एक लहानगी मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली आणि हीच आपली सून, असे त्यांच्या मनाने घेतले. १७३३ मध्ये ती खंडेरावांची पत्नी झाली. पुढे तीच पुण्यश्लोक अहिल्याबाई म्हणून प्रसिद्धीस आली. अशा योगायोगामागे ईश्वरी संकेत पाहणे हा आपल्या लोकमानसाचा स्वभाव आहे. ‘लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात’ ही म्हण त्याच श्रद्धेतून आली. हीच श्रद्धा यहुदी धर्मपरंपरेतही खोलवर रुजलेली आहे आणि शतकानुशतके मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात तिची मोठी कठोर परीक्षा झाली.

या श्रद्धेचे मूळ तोराच्या पहिल्या ग्रंथातील एका कथेत सापडते. वृद्ध आब्राहामाने पुत्र इसहाकासाठी वधू शोधण्यास आपला विश्वासू सेवक पाठविला. वधू आपल्याच गोतातील असावी, अशी त्याची अट होती. दहा उंट घेऊन तो सेवक नाहोराच्या नगराबाहेरील विहिरीपाशी संध्याकाळी पोहोचला. तेथे त्याने देवाला विनविले की, जी मुलगी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच तू नेमलेली वधू असे मी समजेन. प्रार्थना संपते न संपते तोच रिवका घागर घेऊन आली व तिने तसेच केले. तहानलेल्या दहा उंटांना पुरेल इतके पाणी काढणे हे काही थोडे श्रम नव्हेत. सेवकाने मागितलेली खूण रूपाची नव्हती, धनाची नव्हती. परक्याविषयी व मुक्या जनावरांविषयी वाटणाऱ्या कणवेची होती. ही गोष्ट परमेश्वराकडूनच आली, असे घरच्यांनी मान्य केले. तरीही निघण्यापूर्वी त्यांनी रिवकेला तिची इच्छा विचारली. वधूच्या संमतीवाचून विवाह नाही, हा दंडक धर्मपंडितांनी या प्रसंगावरूनच काढला.

पुढे तालमुदात हा विचार अधिक विस्ताराने आला. गर्भ आकारास येण्यापूर्वी चाळीस दिवस आकाशवाणी होऊन अमक्याची कन्या अमक्याला नेमली जाते, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, दोन जिवांची जोडी जुळविणे हे तांबडा समुद्र दुभंगण्याइतके कठीण होय. एका प्राचीन कथेत एक रोमन स्त्री रब्बी योसे यांना विचारते की, सृष्टी निर्मून झाल्यावर देव काय करीत बसला आहे? जोड्या जुळवीत बसला आहे, असे उत्तर मिळताच ती हसते आणि एका रात्रीत आपल्या हजार दासांचे हजार दासींशी विवाह लावून देते. सकाळी कोणाचे डोके फुटलेले, कोणाचा पाय मोडलेला, अशी ती सारी मंडळी तिच्यापुढे उभी राहते! मात्र बाराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ मायमोनिदीस याने या दैववादास मर्यादा घातली. विवाह हे धर्मकर्तव्य असल्याने त्यात मनुष्याच्या निवडीला स्थान असलेच पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते.

बेने इस्राएल समाजाने हा वारसा कोकणात आपल्या परीने जपला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. समाजाचा आरंभच अशा रीतीने दैवाने राखलेल्या सात जोडप्यांपासून मानला जातो. तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आजही ती माती सांगतात. एलियाहू हन्नाबी हा त्यांच्या नवसाला पावणारा संदेष्टा. अलिबागजवळील खंडाळे येथे त्याच्या आगमनाची खूण म्हणून एक खडक दाखविला जातो. मेंदीच्या समारंभी पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करून त्याचे स्तवन होते. विवाहाच्या वेळी वर स्वतः हिब्रू स्तोत्र गाऊन वधूचे स्वागत करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने मराठी कीर्तनाचा प्रकारही आपलासा केला आणि आब्राहामादिकांची चरित्रे टाळमृदंगाच्या साथीने गाइली जाऊ लागली.

इस्राएलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि या समाजातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तेथे मात्र काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार दिला. कोकणात एकाकी राहिलेल्या त्यांच्या पूर्वजांना काडीमोडाचे शास्त्रोक्त नियम ठाऊक नसावेत, तेव्हा त्यांची संतती धर्मदृष्ट्या शंकास्पद ठरते, असा आक्षेप होता. १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने विवाहास मान्यता दिली खरी, पण १९६२ च्या सूचनांनी मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे बंधन घातले. ज्या पणज्यांनी शब्बाथ पाळला, त्यांच्याच विवाहांवर संशय घेतला गेला. समाज दुखावला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्याने जेरुसलेमात ठिय्या आंदोलन केले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठरावाने जाहीर केले. पाठोपाठ रब्बीमंडळाने सूचनांतून ‘बेने इस्राएल’ हा उल्लेख काढून टाकला.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. याच समाजात पूर्वी ‘गोरे’ व ‘काळे’ असे भेद होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. जो संशय त्यांना जेरुसलेमात सोसावा लागला, त्याचाच एक प्रकार त्यांनी कोकणात आपल्याच बांधवांविषयी बाळगला होता. हा दोष एका समाजाचा नव्हे. सोयरीक जुळविताना कुळाची उलटतपासणी करणाऱ्या आपणा सर्वांचाच तो आहे.

आब्राहामाने गोताची अट घातली होती, हे खरे. परंतु त्या अटीत बसणाऱ्या मुलींतून नेमकी वधू ओळखण्यासाठी सेवकाने देवाजवळ मागितली ती खूण दयेची होती. कुळ विचारणे मनुष्याच्या हाती असते. ईश्वरी संकेत कोठे शोधावा, हे मात्र त्या विहिरीवरची घागर सांगून गेली आहे.